चार बोटं कापड

चोवीस माग भंगारात काढायचे की नाही, यावरून आमच्या अण्णांच्या घरात दोन महिने धुसफूस चालू होती. भंगारवाला मागाला किलोवर भाव देतो, हीच गोष्ट अण्णांना लागली होती. "ज्याच्यावर चाळीस वर्षं संसार केला, ते काय कांद्या-बटाट्यासारखं तोलायचं?" असं ते मला फोनवर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढलेला नव्हता, म्हणून मीच इचलकरंजीला जाऊन आलो.

अण्णा माझे मावसभाऊ, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. शिक्षण सातवीपर्यंत, पण सुताचा भाव कुठल्या आठवड्यात फिरणार हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कोणी नाही. त्यांच्यासमोर उभी होती त्यांची पुतणी. टेक्स्टाइल इंजिनिअर झालेली, तीन वर्षं एका मोठ्या गिरणीत काम करून घरच्या धंद्यात परतलेली. आणि मी? मी निवृत्त बँकवाला. आयुष्यभर मागांच्या कर्जाच्या फाइली पाहिल्या. दोघांनाही वाटत होतं की मी आपल्या बाजूनं बोलेन.

कारखान्याच्या कोपऱ्यात काचेची एक खोली आहे. दार लावलं तरी चोवीस मागांचा खडखडाट आत येतो, त्यामुळे तिथं साधं बोलणंही भांडण वाटतं. त्या दिवशी ते खरोखरच भांडण होतं.

हिशेब आधी तिनं मांडला.

"अण्णा, आपलं ५२ पिकाचं कापड धरा." पीक म्हणजे आडव्या धाग्याचा एक फेरा. इंचात असे किती धागे बसतात त्यावर व्यापाऱ्याकडून कारखानदाराला मिळणारी विणाईची मजुरी ठरते. "मीटरला २,०४७ पीक लागतात. आपला साधा माग मिनिटाला दीडशे मारतो आणि त्यातला पाचवा हिस्सा थांबण्यात जातो. म्हणजे बारा तासांच्या पाळीत ४२ मीटर. एअरजेट मिनिटाला आठशे मारतो, थांबण्यात दहावा हिस्सा जातो. पाळीला २५३ मीटर. तुमचे चोवीस माग म्हणजे माझे चार. मी सहा म्हणतेय."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "आठशे मारतो, बरं. आणि थांबला की?"

"थांबला तर थांबला. परत चालू करायचा."

"तसं नव्हे. माझा माग एक मिनिट थांबला तर कापड किती गेलं?"

तिनं मोबाइलवर आकडे टाकले. "सात सेंटीमीटर."

अण्णांनी चार बोटं जुळवून टेबलावर आडवी ठेवली. "एवढं. आणि तुझा एक मिनिट थांबला तर?"

"एकोणचाळीस."

"म्हणजे जवळजवळ हातभर. तुझं हातभर जातंय, माझं चार बोटं. वर तुझ्या डोक्यावर बँकेचा हप्ता हाय, माझ्या डोक्यावर निस्ती टोपी. आता सांग, चूक परवडणार कुणाला?"

मला हे आवडलं, पण बोललो नाही. कर्जाच्या फाइलींत वेगवान यंत्राचा वेग मी शेकडो वेळा वाचला होता. वेग वाढला की प्रत्येक मिनिटाची किंमतही त्याच पटीनं वाढते, हे मात्र कुठल्याच सल्लागारानं लिहिलेलं पाहिलं नाही. एअरजेट आडवा धागा हवेच्या झोतानं फेकतो, त्याला हवा पुरवायला कॉम्प्रेसर चोवीस तास फिरता ठेवावा लागतो. पाइपच्या एखाद्या जोडातून हवा गळत असेल तर वीजबिल गळतं. त्यात जोडभार २७ अश्वशक्तीच्या वर गेला की वीज सवलतीचा हिशेबही बदलतो. म्हणजे यंत्रानं मीटरमागचा मजुराचा खर्च कमी होतो आणि त्याच्या जागी व्याज, वीज, सुटे भाग असे दुसरे खर्च येऊन बसतात. फरक एवढाच की मजुराचा खर्च माग बंद ठेवला तर थांबतो, व्याजाचा थांबत नाही.

पुतणी मागे हटणारी नव्हती. "मग चुका कमी करायच्या. तुमच्या मागावर ताण्याचा, उभा दोरा तुटला तर कामगाराच्या डोळ्याला दिसेपर्यंत माग चालूच राहतो आणि कापडात भोक पडतं. ते कापड परत येतं, कसर कापली जाते. माझ्या मागावर दोरा तुटला की माग आपसूक थांबतो आणि दिवा लागतो."

"आमच्या कामगाराला आवाजावरनं कळतंय."

"कोणत्या? दोघांना कळतं. बाकीचे नवे आहेत, सहा महिनेही टिकत नाहीत. त्यांना तुमचा कान कुठून द्यायचा?"

या प्रश्नावर अण्णा थोडे थबकले, कारण दुखणं खरं होतं. इचलकरंजीत आज मागावर उभं राहायला माणूस मिळणं हीच मोठी गोष्ट आहे.

मी मध्ये तोंड घातलं आणि जपानच्या साकिची तोयोदाची गोष्ट सांगितली. हा सुताराचा मुलगा. आई हातमागावर विणायची, ते बघत वाढला. त्यानं मागात जी करामत बसवली ती हीच, की धागा तुटला तर मागानं स्वतःहून थांबावं. १९२४ साली त्याचा 'टाइप जी' स्वयंचलित माग आला. आडवा धागा नेणारा धोटा बदलायलाही तो थांबत नसे, आणि एक कामगार तीसेक माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं विकत घेतले. त्याच घराण्यानं पुढं मोटारी काढल्या, त्या आपल्याला ठाऊक आहेतच.

"बघा!" पुतणी म्हणाली. "यंत्रानं घराणं कुठल्या कुठं गेलं."

"व्हय, पण ते यंत्र काढलं कुणी?" अण्णा म्हणाले. "आईचं विणणं बघितलेल्या पोरानं. न विणणाऱ्याला ते सुचलं असतं का? म्हंजे कान माणसाचाच, तो लोखंडात बसवला एवढंच."

"मग तुम्ही तुमचा कान लोखंडात बसवू द्या की!"

अण्णा हसले. त्या दुपारी पहिल्यांदा.

चहा आला. अण्णांनी बशीत ओतून घेतला आणि मग ते अनुभवावर बोलू लागले. हे बोलणं लांब होतं. सगळं देता येणार नाही, पण त्यातलं काही सोडवतही नाही.

फेब्रुवारी संपला की हवा कोरडी पडते. सुती ताण्याला शेडमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. तो नसला की दोरे तटातट तुटतात. अण्णांच्या शेडला दमटपणा राखणारी यंत्रणा नाही. ते पहाटे उठून ओली पोती अंथरायला लावतात, आणि कुठल्या दिवशी किती, हे बोटांच्या पेरांवर सूत घासून ठरवतात. ताण्याला खळ लावणाऱ्या सायझिंगहून आलेल्या बीमला खळ जास्त झाली की कमी, हे ते बीम गाडीतून उतरायच्या आधी सांगतात. कुठल्या व्यापाऱ्याचा माल हातावर घ्यायचा, कुठल्याला पेठेत नुसता राम राम करायचा, याची यादी त्यांच्या डोक्यात आहे. "कायदा म्हंतोय पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या. कायद्याचं कागद घेऊन गेलो तर पुढच्या खेपेला माल देणार हाय का त्यो? कुणाला किती ताणायचं ते कळायला मला पंधरा वर्षं आणि दोन बुडीत खाती लागली. ती फी हाय माझी. तुझ्या कॉलेजच्या फीपेक्षा जास्त."

मी त्यांना स्वीडनमधल्या होर्नदाल गावाच्या पोलाद कारखान्याची गोष्ट सांगितली. तिथं पंधरा वर्षं नवी गुंतवणूक जवळजवळ झालीच नाही, तरी माणसाच्या तासामागचं उत्पादन दर वर्षी सुमारे दोन टक्क्यांनी वाढत गेलं. केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञानं १९६२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ते उदाहरण घेतलं. करत करत शिकणं हीसुद्धा भांडवलासारखीच गोष्ट आहे, असं त्याचं म्हणणं.

"ऐकलंस?" अण्णा म्हणाले. "साहेबसुद्धा म्हंतोय."

"वर्षाला दोन टक्के, अण्णा. पंधरा वर्षांत पस्तीस टक्के. एअरजेट पहिल्या दिवशी सहापट."

हा टोला बसला. पण तिनं पुढं जे काढलं त्यानं खोलीतली हवा बदलली.

"अण्णा, रागवणार नसाल तर एक विचारते. बिनधोट्याचे माग पहिल्यांदा गावात आले तेव्हा आपल्याला एक व्यापारी सोबत घ्यायला तयार होता. तुम्ही नाही म्हणालात. का?"

अण्णा गप्प. मग म्हणाले, "काठ."

वाचकांसाठी सांगतो. जुन्या मागात धोटा परत फिरतो तेव्हा धागाही वळतो, म्हणून कापडाचा काठ आपसूक पक्का होतो. बिनधोट्याच्या मागात धागा दर फेरीला कापला जातो आणि काठाला दोरे सुटे राहतात. त्या काळच्या कुठल्याही जाणत्या माणसानं ते कापड हातात घेऊन नाक मुरडलं असतं. अण्णांनी तेच केलं. असलं झिपरं कापड गिऱ्हाईक घेणार नाही, हा तीस वर्षांच्या अनुभवाचा निर्वाळा होता. तो चुकला. कापड तयार कपड्यांच्या कारखान्यात जाऊ लागलं होतं, तिथं काठ कापूनच टाकतात.

"तुमचा अनुभव खरा होता," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तो दुकानात थान उलगडून काठ चाचपणाऱ्या गिऱ्हाइकाचा होता. ते गिऱ्हाईकच गेलं."

अण्णांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते खडखडाटात समजलं नाही.

मग तिनं पिशवीतून कागद काढले. तारापूर आणि उंबरगाव परिसरातल्या विणाई कारखान्यांवर स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग. २०१३ साली तो छापून आला. सतरा कंपन्या घेतल्या. त्यांतल्या काहींच्या कारखान्यांत सल्लागारांना काही महिने बसवलं. सल्लागारांनी सांगितलं ते अगदी साधं होतं. माग का बंद पडला ते रोज लिहा, कापडातला दोष कुठं आणि कशानं आला ते लिहा, सुताच्या साठ्याची नोंद ठेवा, यंत्र बिघडायच्या आधी त्याची देखभाल करा. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

"आणि यंत्रं कुठली आणली?" अण्णांनी विचारलं.

"यंत्रं तीच होती."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मग! तूच माझ्या बाजूनं बोलालीस की!"

"नाही अण्णा. ते मालकही तुमच्यासारखेच अनुभवी होते. पिढ्यान्‌पिढ्या कापडात. तरी हे करत नव्हते, कारण त्यांना वाटायचं की आपल्याला गरज नाही. सगळं डोक्यात आहे म्हणायचे."

आता थाप मारायची पाळी तिची होती, पण तिनं मारली नाही. ही पोरगी मला तिथं आवडली. उलट तिनं स्वतःविरुद्ध जाणारी गोष्टही सांगून टाकली. नऊ वर्षांनी तीच मंडळी परत गेली तेव्हा शिकवलेल्या रीतींपैकी सुमारे निम्म्या सुटून गेल्या होत्या. व्यवस्थापक बदलले, मालकाला वेळ राहिला नाही. तरीही ज्यांना शिकवलं होतं ते इतरांच्या पुढंच होते.

माझ्या मते या सगळ्या वादातला हा सर्वांत मोलाचा कागद होता, आणि दोघांनाही तो पुरता आपला म्हणता येत नव्हता. अनुभवी मालकाच्या डोक्यात जे असतं त्यातलं बरंचसं खरं असतं. पण कुठलं खरं आणि कुठलं काठासारखं शिळं झालेलं, हे डोक्याला स्वतःहून कळत नाही. लिहिलेल्या आकड्याला थोडंफार कळतं.

आता नफ्याकडे येतो. तिथं मला दोघांशीही भांडायचं होतं.

दोघंही असं धरून चालले होते की खर्च कमी झाला की नफा वाढला. बँकेत मी हेच गणित मान्य करून सह्या केल्या, म्हणून माझा दोष पहिला. १९९९ साली केंद्र सरकारची तंत्रज्ञान सुधारणा योजना आली. व्याजात सवलत मिळू लागली आणि टेबलावर फाइलींचा ढीग लागला. प्रत्येक फाइलीत एकच तक्ता असायचा. व्यापारी देतो ती आजची मजुरी अमुक पैसे, नव्या मागाचं उत्पादन तमुक मीटर, गुणाकार करा, हप्ता वजा करा, उरला तो नफा. मजुरी पाच वर्षं तीच राहणार असं धरलेलं. अशा चाळीस फाइली मंजूर केल्या तर चाळीस कारखान्यांचं जादा कापड एकाच पेठेत येणार आणि मजुरी उतरणार, हे कुठल्याही फाइलीत नव्हतं. प्रत्येक फाइलीपुरतं गणित बरोबर होतं.

मी पुतणीला म्हटलं, "समजा मजुरी पिकामागे दहा पैसे. ५२ पिकाला मीटरमागे पाच रुपये वीस पैसे. तुझ्या तक्त्यात हेच धरलंयस ना?"

"हो."

"ती नऊ पैसे झाली तर?"

तिनं हिशेब केला. मीटरला बावन्न पैसे कमी. २५३ मीटर, सहा माग, दोन पाळ्या. दिवसाला दीड हजारावर रुपये गेले. हप्ता आहे तेवढाच.

अमेरिकेत शेतीचा अभ्यास करणाऱ्या विलार्ड कॉक्रेननं १९५८ साली हीच गोष्ट शेतकऱ्यांविषयी मांडली होती. नवं तंत्र पहिल्यांदा आणणाऱ्याला नफा होतो. ते पाहून बाकीचे आणतात, माल वाढतो, भाव पडतो आणि पहिल्याचा नफाही जातो. मग पुन्हा नवं तंत्र. पायाखाली सरकणाऱ्या पट्ट्यावर धावायचं आणि जागच्या जागी राहायचं. कापड स्वस्त होतं, ते घेणाऱ्याचं भलं होतं, हे मी नाकारत नाही. अंगावरचा सदरा आपल्या आजोबांच्या मानानं किती स्वस्त पडतो ते बघा. मात्र ती बचत विणणाऱ्याच्या खिशातून निघून आपल्या खिशात आली आहे.

अण्णांना हे ऐकून बरं वाटलं असावं. "म्हंजे न घेतलेलंच बरं."

"नाही अण्णा," मी म्हटलं. "तुम्ही न घेतल्यानं मजुरी उतरायची थांबत नाही. शेजाऱ्याच्या खर्चाला ती येऊन टेकणार. तुमचा खर्च मात्र जुनाच राहणार. शेवटी न घेणारा भंगारवाल्याकडेच जातो, फक्त उशिरा जातो, तेव्हा किलोचा भावही त्याच्या हातात नसतो."

हे मी जरा कडक बोललो. अण्णांनी बशी खाली ठेवली. बाहेर पाळी बदलत होती. एकेक माग थांबत गेला आणि दोन मिनिटं शेडमध्ये जी शांतता झाली ती मला सहन होईना.

त्या शांततेत अण्णाच बोलले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी लावला, संस्थानचे अधिपती नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळानं. ही गोष्ट गावात प्रत्येकाला तोंडपाठ आहे. अण्णा म्हणाले, "दातारांनी लावला तेव्हा हातमागवाल्यांनी माझ्यासारखंच म्हटलं असंल. त्यांचंबी खोटं न्हवतं." मग पुतणीकडे वळून, "तुझी सहा मशिनं मी अडवत न्हाई. पण गावात समदे जे कोरं ग्रे कापड काढत्यात तेच काढणार असशील तर माझी सही न्हाई. दुसरं काय काढणार, कुणासाठी, ते आधी सांग. पेठेत त्यो माल कोण घेतंय ते मी हुडकतो. आणि दुसरं..."

"दुसरं काय?"

"त्यो तारापूरचा कागद. मशिनं यायच्या आधी ह्याच चोवीस मागांवर करून दाखव. माग का थांबला, किती मिनिटं थांबला, ल्ही. माझ्या चार बोटांचा हिशेब ठेवता आला न्हाई तर तुझ्या हातभराचा कसा ठेवशील?"

तिला हे पटलं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून कळेना. जुन्या मागांवर वेळ घालवणं म्हणजे टाळाटाळ, असं तिला वाटलं असणार. पण तिनं दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या आणि ती माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या टेबलाला दोरीनं बांधली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. दोघांच्या समजुतीप्रमाणे माग सर्वांत जास्त थांबायला हवे होते ते ताणा तुटून. अण्णा त्याचा दोष हवेला देत, ती जुन्या मागाला. वहीत निघालं वेगळंच. सर्वांत जास्त मिनिटं माग बंद होते ते धोट्यात घालायच्या, सूत भरलेल्या कांड्यांची वाट बघत. दुपारी तीन ते पाच, कांडीवाल्या बाई मुलांना शाळेतून आणायला जातात तेव्हा.

अण्णांनी त्या दोन तासांसाठी आणखी एक बाई ठेवली आहे. एअरजेटच्या कर्जाचा अर्ज अजून बँकेत गेलेला नाही. कापडाच्या नावापुढची जागा त्यात कोरी आहे.